गोल रनवे, उतरता रनवे आणि विमान घसरलं तर?

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात विमानतळांवर दोन ओळी काय लिहिल्या, तर पत्रं आणि मेसेज यांचा ढीगच लागला. बहुतेक सगळे रनवेबद्दलच आहेत, म्हणून या वेळी दुसरे विषय बाजूला ठेवून हेच घेतो.

प्रश्न (नाशिक, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी): सर, व्हॉट्सअपवर एक व्हिडिओ फिरतोय, त्यात रनवे सरळ नसून भल्यामोठ्या रिंगसारखा गोल आहे आणि विमानं जत्रेतल्या मौत का कुआँसारखी तिरपी होऊन त्यावर धावतात. म्हणे वारा कुठूनही असू दे, फरकच पडत नाही. हे खरंच शक्य आहे का? आणि असेल तर अजून कुणीच का बांधला नाही?

उत्तर: व्हिडिओ फेक नाहीये. नेदरलँड्समधे एनएलआर म्हणून त्यांची सरकारी विमानसंशोधन संस्था आहे, तिथले हेंक हेसेलिंक यांची ही कल्पना. युरोपियन युनियनच्या पैशातून २०१२ ते २०१४ मधे त्यावर रीतसर प्रोजेक्ट झाला, जर्मनी, फ्रान्स, स्पेन, पोलंड इथल्या संस्थाही त्यात होत्या, आणि मग २०१७ मधे बीबीसीने त्यावर छोटा व्हिडिओ केला तो जगभर फिरला, तोच अजून फिरतोय. म्हणजे घरबसल्या कुणीतरी काढलेलं चित्र नव्हे हे, गणितं करून मांडलेली गोष्ट आहे, त्यामुळे हसून सोडून देऊ नका.

कल्पना अशी की साधारण तीन किलोमीटर व्यासाची रिंग, परीघ साडेनऊ-दहा किलोमीटर, रुंदी १४० मीटर, आतल्या बाजूला जवळपास सपाट आणि बाहेरच्या बाजूला चढत गेलेली, टर्मिनल आणि पार्किंग सगळं रिंगच्या पोटात. वारा ज्या दिशेने असेल त्याला तोंड करून उतरता येईल अशी जागा रिंगवर कुठेतरी मिळतेच, म्हणून आडवा वारा, ज्याला आपण क्रॉसविंड म्हणतो, तो टाळता येतो. शिवाय वारा कमी असेल तेव्हा एकाच वेळी दोन-तीन विमानं वेगवेगळ्या भागांवर चालवता येतील असा त्यांचा दावा. ही कल्पना डच लोकांना सुचली यात नवल काहीच नाही, त्यांच्याकडे समुद्राचा वारा असा की अ‍ॅमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर वेगवेगळ्या दिशांना मिळून सहा रनवे आहेत.

आता तिरपं धावायचं गणित. विमान उतरताना वेग धरा १४० नॉट, म्हणजे ताशी २६० किमीच्या आसपास. दीड किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर त्या वेगाने धावायचं तर बाहेर फेकणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या साधारण एक तृतीयांश होतो, आणि तो सांभाळायला रस्ता जवळजवळ १९ अंश कललेला पाहिजे. तो तसा असेल तर प्रवाशाला काही कळणारही नाही, कपातला चहासुद्धा सांडणार नाही, इथपर्यंत हेसेलिंकसाहेबांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण हे १९ अंश फक्त त्याच वेगाला. वेग कमी होत गेला की विमानाने हळूहळू आतल्या, सपाट बाजूला सरकत यायचं, प्रत्येक वेगाला त्याची त्याची जागा. कोरड्या रनवेवर, ब्रेक नीट असताना, पायलट ताजातवाना असताना हे जमेल.

आणि जमलेलंही आहे बरं का. १९६४-६५ च्या सुमारास अमेरिकन नेव्हीने अ‍ॅरिझोनामधल्या जनरल मोटर्सच्या गोल टेस्ट ट्रॅकवर, जो गाड्या पळवून बघायला बांधलेला होता, त्यावर खरीखुरी विमानं उतरवून आणि उडवून बघितली. थोड्या सरावानंतर पायलटांना ते येऊ लागलं. तरीही पुढे कुणी बांधला नाही, तो का?

माझ्या मते रनवेची परीक्षा सगळं नीट चाललं असताना होतच नाही. विमान लांब जाऊन टेकलं, टायर फुटला, एक इंजिन गेलं, पाणी साचलंय, पायलटने चूक केली, अशा वेळी विमान जातं कुठे आणि तिथे काय असतं, यावर रनवे चांगला का वाईट ते ठरतं. सरळ रनवेचं वैशिष्ट्य हे की गडबड झाली तर विमान बहुतेक वेळा सरळ पुढेच जातं किंवा थोडं बाजूला उतरतं, आणि ती जागा आपल्याला आधीपासून माहीत असते. म्हणून तिथे मोकळी जमीन राखून ठेवता येते, शेवटाला सेफ्टी एरिया करता येतो (आंतरराष्ट्रीय नियमात किमान ९० मीटर, शिफारस २४० मीटरची, आणि हे रनवेपुढच्या ६० मीटर पट्टीनंतर). गोल रनवेला शेवटच नाही, म्हणजे घसरण्याची जागा दहा किलोमीटरच्या परिघावर कुठेही. वेग जास्त आणि पकड गेली तर विमान बाहेरच्या कडेवरून जाणार, वेग कमी आणि पकड गेली तर उतारावरून आत येणार, आणि आत काय आहे? टर्मिनल, उभी विमानं, इंधनाचे टँकर.

त्यात आपला पाऊस आणा. साधा रनवे मधे किंचित उंच असतो, पाणी दोन्ही बाजूंना निघून जातं. इथे अख्ख्या १४० मीटर रुंदीचं पाणी उतारावरून आतल्या कडेला येणार, म्हणजे नेमकं जिथे विमान वेग कमी करून यायचंय तिथेच. जुलैमधे मुंबईत किंवा रत्नागिरीत ज्यांनी पाऊस बघितलाय त्यांना पुढचं सांगायला नको.

आणि वाऱ्याचा जो मोठा फायदा सांगतात तोही तितकासा सरळ नाही. टेकल्यापासून दीड किलोमीटर धावलं तर या वर्तुळावर विमानाचं तोंड ५७ अंशांनी फिरलेलं असतं. म्हणजे टेकताना समोरून असलेला २५ नॉटचा वारा थांबता थांबता २१ नॉटचा आडवा वारा झालेला असतो, एकाच लँडिंगमधे. तोवर वेग कमी झालेला असतो हे मान्य, चाकांनी वळवता येतं हेही मान्य, पण मग क्रॉसविंड संपला असं म्हणू नका ना. वर जोराचा वारा असेल तेव्हा रिंगचा थोडासाच भाग वापरता येणार, म्हणजे एकावेळी तीन विमानं वगैरे जी चैन आहे ती छान हवामानातच, आणि छान हवामानात सरळ रनवेलाही काही होत नसतं.

बाकी गोष्टी पटकन सांगतो. पायलटांची सगळी सवय टेकायच्या आधी पंख समतल करायची, सपाट जमिनीवर १९ अंश कललं तर बोइंग ७३७ चं इंजिन घासेल. धुक्यात उतरवणारी आयएलएस यंत्रणा सरळ रेषेत बीम सोडते, गोल रनवेला तो बीम कुठे लावणार? सॅटेलाइटच्या मदतीने वळत वळत उतरायच्या वाटा (अप्रोच) आता आहेत पण त्याही शेवटी सरळ होऊनच रनवेला भिडतात. आणि एक व्यवहारी अडचण, जी मला सगळ्यात मोठी वाटते: सरळ रनवे आज एक, पैसे आले की दहा वर्षांनी दुसरा, असं करता येतं. रिंग अर्धी बांधून चालू करता येत नाही, आणि जगातली सगळी विमानं, सगळे पायलट, सगळे नियम सरळ रनवेचे असताना पहिली रिंग बांधणाऱ्या विमानतळावर उतरायला कोण येणार?

जाता जाता, गोल ही काही नवी गोष्ट नाही. सुरुवातीच्या काळात विमानतळ म्हणजे मोठं गवताचं मैदानच असायचं, वारा बघायचा आणि त्याला तोंड करून हव्या त्या दिशेने उडायचं. आपल्या जुहूला तरी काय होतं, १९३२ मधे जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले तेव्हा भरतीच्या पाण्याजवळची चिखलाची सपाटी, पावसाळ्यात ती बुडायची म्हणून विमानं पुण्याला न्यावी लागायची. पुढे विमानं जड झाली, त्यांना पक्का जाड रस्ता लागायला लागला आणि सगळं मैदान पक्कं करणं कुणाला परवडणार? त्याच वेळी आडवा वारा सोसायची विमानांची ताकदही वाढली. आजची ए-३२० किंवा ७३७ कोरड्या रनवेवर ३० नॉटच्या वर आडवा वारा घेऊ शकतात. रिंग जो आजार बरा करते तो आजार बराचसा विमानांनीच बरा केलाय.

प्रश्न (वास्को, गोवा): दाबोळीला नेव्हीच्या भागात जमिनीवरच वर वळलेला रनवे आहे असं ऐकलंय. लढाऊ विमान त्यावरून उडतं तर प्रवासी विमानांना तसा का करत नाहीत? जमीन किती वाचेल!

उत्तर: बरोबर ऐकलंय. दाबोळीच्या नेव्हीच्या तळावर, आयएनएस हंसाला, विमानवाहू जहाजाच्या डेकची नक्कल जमिनीवर केलेली आहे, स्की-जंपसकट (टोकाला वर वळलेला भाग), म्हणजे जहाजावर जायच्या आधी सराव आणि चाचण्या इथेच. नौदलाच्या तेजसने २० डिसेंबर २०१४ ला तिथूनच पहिल्यांदा स्की-जंपवरून उड्डाण केलं. विक्रमादित्य आणि विक्रांत या दोन्ही जहाजांवर असाच वर वळलेला डेक आहे.

गंमत अशी की त्या टोकावरून सुटताना विमानाला उडण्याइतका वेग आलेलाच नसतो. टोक त्याला वरच्या दिशेने भिरकावतं, आणि ते हवेत असेपर्यंतच्या काही सेकंदांत इंजिनं त्याला हवा तो वेग देतात. हे चालतं कारण लढाऊ विमानात इंजिनाचा जोर वजनाच्या मानाने प्रचंड असतो. भरलेल्या प्रवासी विमानात तोच जोर वजनाच्या साधारण पाव ते एक तृतीयांश. भिरकावलं तर ते खालीच येणार.

समजा इंजिनं दुप्पट मोठी लावली तरी प्रश्न सुटत नाही. प्रवासी विमानाचा सगळा हिशोब एका गोष्टीवर उभा आहे की टेकऑफच्या कुठल्याही क्षणी एक इंजिन बंद पडलं तरी वाचता आलं पाहिजे, ठराविक वेगाच्या आत असाल तर ब्रेक मारून उरलेल्या रनवेत थांबा, तो वेग ओलांडला असेल तर उरलेल्या इंजिनावर उडा. स्की-जंपवर मधलीच एक वेळ अशी येते की थांबताही येत नाही आणि उडताही येत नाही. फायटर पायलट त्या वेळी इजेक्शन सीटचं हँडल ओढतो. १८६ प्रवाशांना ते कसं द्यायचं? आणि हो, उलट्या दिशेने त्याच रनवेवर कुणी उतरायचं म्हटलं तर समोर भिंत.

प्रश्न (कणकवली): आमच्या चिपीचा (सिंधुदुर्ग विमानतळ) रनवे सड्यावर, म्हणजे पठारावर आहे. मंगळूर, कालिकतसारखा टेबलटॉप (पठारावरचा, टोकाला दरी असलेला रनवे) म्हणजे धोकादायकच असं सगळे बोलतात. आई-वडील मुंबईला विमानाने जायचे म्हणजे आम्हाला टेन्शन. खरं काय ते सांगा.

उत्तर: आधी ते दोन अपघात नीट बघू, कारण लोकांच्या डोक्यात फक्त दरी राहिलीये. २२ मे २०१० ला मंगळूरला दुबईहून आलेलं ७३७ दरीत गेलं, १६६ पैकी १५८ माणसं गेली. २,४५० मीटरच्या रनवेवर विमान सुमारे १,६०० मीटर पुढे जाऊन टेकलं होतं, जे खरं तर सुरुवातीच्या काहीशे मीटरमधे टेकायला हवं. ७ ऑगस्ट २०२० ला कोझिकोडला (म्हणजे कालिकतला), तेही दुबईहूनच आलेलं विमान, पाऊस पडत होता, मागून वारा होता, आणि २,७०० मीटरच्या रनवेचा जवळजवळ निम्मा भाग संपल्यावर चाकं टेकली. १९० पैकी २१ लोक गेले. दोन्ही ठिकाणी डोंगराने काही केलं नाही, विमान उशिरा टेकलं आणि परत वर न जाता खाली राहिलं. पण, आणि हा पण मोठा आहे, हीच चूक सपाट जागी झाली असती तर विमान चिखलात रुतून बरेच लोक वाचले असते. मुंबईत १ जुलै २०१९ ला पावसात एक ७३७ रनवे संपल्यावर पुढे गवतात जाऊन रुतलं. माणसं सुखरूप, मुख्य रनवे मात्र चार दिवस बंद. चूक तीच, किंमत वेगळी. टेबलटॉपचा सगळा विषय एवढाच आहे.

दुसरी भानगड डोळ्यांची. दरीवरून येताना समोर एकदम पठाराची कड येते, आजूबाजूला उंचीचा अंदाज यायला झाडं-घरं नसतात, त्यामुळे आपण जास्त उंच आहोत किंवा खाली आहोत असा भास पायलटला होऊ शकतो. म्हणून अशा ठिकाणी रनवेच्या बाजूचे लाल-पांढरे दिवे आणि आतली यंत्रं यांच्यावर जास्त विसंबायचं हे ट्रेनिंगमधेच घोटवून घेतात.

आता चिपी. सड्यावर रनवे आहे म्हणून तो आपोआप मंगळूर होत नाही, गोव्यातल्या मोपाचा विमानतळही पठारावरच आहे आणि तिथला रनवे साडेतीन किलोमीटरचा आहे. बघायचं ते तीन गोष्टींत: विमानाला लागतो त्यापेक्षा रनवे किती जास्त आहे, शेवटाला सपाट मोकळी जागा किती ठेवलीये, आणि पावसात रनवेची पकड कशी आहे. चिपीचा रनवे २,५०० मीटर. एटीआर-७२ सारख्या पंख्याच्या विमानाला त्याच्या निम्म्याच्या आसपास पुरतो, जेट आलं की हिशोब थोडा घट्ट होतो पण तरी तो बसतो. आई-वडिलांना खुशाल पाठवा. आणि पायलटने एखाद्या वेळी उतरता उतरता विमान परत वर नेलं किंवा थेट मुंबईला परत नेलं तर त्यांना सांगा चिडू नका, मंगळुरात नेमकं तेच झालं नव्हतं.

जिथे शेवटाला जागाच नाही तिथे एक बरा उपाय आहे, शेवटच्या पट्ट्यात मुद्दाम ठिसूळ, हलकं काँक्रीट भरायचं. विमान त्यावर गेलं की चाकं ते चुरडत आत रुततात आणि विमान थांबतं. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर १९९० च्या दशकात हे बसवलं, पुढे अमेरिकेत शंभराहून जास्त रनवेंच्या टोकाला बसवलंय आणि त्याने खरोखर विमानं वाचवलीत. महाग आहे, एकदा चुरडलं की तो भाग नवा घालावा लागतो. तरी आपल्याकडच्या डोंगरी विमानतळांवर यावर बोलणं जास्त आणि काम कमी झालंय असं माझं स्पष्ट मत.

प्रश्न (पुणे, ट्रेकर ग्रुपमधून): एव्हरेस्ट बेस कॅम्प ट्रेकला नेपाळमधल्या लुक्लाला उतरलो. रनवे चक्क चढाचा! हे नियमात बसतं का?

उत्तर: मोठ्या विमानांच्या नियमात अजिबात नाही. मोठ्या रनवेला एकूण उतार एक टक्क्यापर्यंत चालतो, लुक्लाचा जवळजवळ बारा टक्के आणि लांबी फक्त ५२७ मीटर. पण तिथे तो उतारच ब्रेकचं काम करतो, उतरताना चढावर, उडताना उताराकडे. फ्रान्समधलं कुर्शव्हेल तर याहून तीव्र, साडेअठरा टक्क्यांच्या आसपास. ही ठिकाणं चालतात ती बंधनांमुळे: ट्विन ऑटर, डॉर्नियरसारखी छोटी विमानंच, वेगळं ट्रेनिंग घेतलेलेच पायलट, लुक्लाला बहुतेक उड्डाणं सकाळचीच कारण दुपारी वारा आणि ढग. समोर डोंगर असल्यामुळे शेवटच्या टप्प्यात परत वर जायची सोय नाही, आणि म्हणूनच तिथे अपघातही झालेत, २००८ मधे एका विमानातल्या १९ पैकी १८ जणांचा जीव गेला. तुमची फ्लाइट हवामानामुळे दोन दिवस लटकली तर शिव्या घालू नका, लुक्लाचं विमान जिथून पकडतात त्या रामेछापला डाळभात खात बसा.

याच्या बरोबर उलटं उदाहरण पोर्तुगालच्या मदेइरा बेटाचं. तिथेही डोंगर आणि समुद्र यांच्या मधे आखूड रनवे होता, १,६०० मीटरचा, १९७७ मधे पावसात ७२७ शेवटावरून खाली गेलं आणि १३१ माणसं गेली. त्यांनी काय केलं, तर २००० पर्यंत रनवे २,७८१ मीटर केला, त्यासाठी जमीन नव्हती म्हणून समुद्राकडेच्या बाजूला १८० खांब उभे केले, काही सत्तर मीटर उंच, आणि त्यावर रनवे. बघायला विचित्र वाटतो, पण पायलटच्या दृष्टीने तो सरळ, सपाट आणि आधीपेक्षा लांब आहे. असा विचित्रपणा मला आवडतो. वारा मात्र खांबांनी थांबत नाही, त्यामुळे तिथे उतरायला कॅप्टनला आजही खास ट्रेनिंग लागतं.

प्रश्न (अंधेरी): मुंबईचे दोन रनवे एकमेकांना छेदतात. ही डिझाइनची चूक नाही का?

उत्तर: चूक नाही, त्या काळची पद्धत. दोन दिशा ठेवल्या की वारा फिरला तरी एक रनवे मिळायचा. आज तोटा हा की दोन असूनही एकाच वेळी दोन्ही वापरता येत नाहीत, त्यामुळे मुंबई प्रत्यक्षात एका रनवेवर चालते, आणि त्यावर दिवसाला हजाराहून जास्त विमानं हलवल्याचे रेकॉर्डही केलेत. धोका छेदण्यात कमी आणि त्या गर्दीत जास्त. दुसऱ्याचा उपयोग पहिला बंद पडला की कळतो, २०१९ च्या त्या चार दिवसांत सगळं त्या दुसऱ्या, १४/३२ नंबरच्या रनवेवरूनच चाललं, फ्लाइट्स ढिगाने रद्द झाल्या ते वेगळं. नवी मुंबईला म्हणूनच दोन रनवे समांतर आणि एकमेकांपासून लांब आखलेत, दुसरा झाला की दोन्हीवर एकाच वेळी काम करता येईल.

प्रश्न (सातारा, आठवीतली मुलगी): रनवेच्या जागी मोठा सरकता पट्टा लावला, ट्रेडमिलसारखा, तर विमान जागच्या जागी धावून उडेल ना?

उत्तर: नाही गं. गाडीला चाकं ढकलतात, विमानाला इंजिन हवेला मागे रेटून ढकलतं, चाकं नुसती फिरत असतात. तू पट्टा कितीही जोरात मागे पळव, विमान त्यावरून पुढेच जाईल, चाकं जास्त गरगरतील इतकंच. आणि पंखांना वारा लागायला त्याला खरोखर पुढे जावंच लागतं, म्हणजे रनवेची लांबी तेवढीच लागणार. प्रश्न मात्र झकास आहे, शाळेत सरांना विचारून बघ, अर्धा तास जाईल.